एका लिटर दुधामागे किती जनावर?

आज दुधाबद्दल बोलायचं आहे. भेसळीबद्दल नाही, ए-टू दुधाबद्दलही नाही. आपल्या देशात जे दूध तयार होतं, त्याचा हवेवर, पाण्यावर आणि जमिनीवर जो भार पडतो तो कमी कसा करता येईल, एवढाच आजचा विषय. आणि तो कमी करताना गोठ्यातल्या माणसाच्या पोटावर पाय येता कामा नये, ही अट मी सुरुवातीलाच घालतो. कारण आपल्याकडे दुधाचा धंदा म्हणजे हजार गाईंचे फार्म नव्हेत. दोन म्हशी, एखादी गाय, घरच्या बाईचे रोजचे चार-पाच तास आणि दर दहा दिवसांनी हातात येणारा दुधाचा पगार, असा तो आहे. सरकारी हिशोबाने सुमारे ८ कोटी शेतकरी या धंद्याशी जोडलेले आहेत. यांतल्या कित्येकांकडे शेत नाही, असलं तर पाण्याखाली नाही. पीक गेलं तरी चूल पेटते ती दुधावर.

मी पशुवैद्य नाही. माझं आयुष्य फौजेत गेलं. पण फौजेत राहिलेल्या माणसाला रसद म्हणजे काय हे चांगलं कळतं. चौकीवर एक जवान उभा करायचा तर त्याच्या मागे किती माणसं, किती गाड्या, किती डिझेल लागतं, याचा हिशोब आम्हाला सारखा करावा लागतो. पुढचा जवान तोच, पण मागची शेपटी लांब झाली की खर्च वाढतो. दुधाचंही मला तसंच दिसतं. ग्लासातलं दूध पुढे दिसतं. त्याच्या मागे किती जनावर उभं आहे, ते कोणी मोजत नाही.

आता थोडे आकडे. १९९८ पासून भारत जगात सर्वांत जास्त दूध काढणारा देश आहे. २०२३-२४ मध्ये आपलं उत्पादन २३ कोटी ९३ लाख टन होतं, म्हणजे जगातल्या दुधाचा जवळजवळ चौथा हिस्सा. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण दुसरा आकडा बघा. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश १९ कोटी ३४ लाख आणि म्हशी जवळपास ११ कोटी निघाल्या. एकूण ३० कोटींच्या वर. यांतल्या दुभत्या गाई-म्हशी, म्हणजे त्या वेळी दुधात असलेल्या आणि भाकड अशा दोन्ही धरून, साडेबारा कोटी. उरलेले बैल, वळू, रेडे, वासरं, कालवडी, पारड्या. सरासरी दूध पाहिलं तर संकरित गाय दिवसाला साडेआठ किलोच्या आसपास देते आणि देशी किंवा गावठी गाय साडेतीन किलोच्या आसपास. एवढी मोठी फौज, आणि आघाडीवर एवढेच जवान.

प्रदूषण कुठून येतं ते आधी समजून घेऊ, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. दुधाची पिशवी, टँकर, शीतकरणाची वीज या गोष्टी डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचीच चर्चा होते. त्यांचाही वाटा आहे, पण लहान. दुधाचा बहुतांश भार गोठ्यातच तयार होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. ती एक आंबवणीची टाकीच समजा. आपल्याला न पचणारा कडबा, भुसा, गवत तिथले सूक्ष्म जीव आंबवतात आणि त्यातून जनावराला ऊर्जा मिळते. ही निसर्गाची मोठी देणगी आहे. माणूस कडबा खाऊन जगू शकत नाही, म्हैस जगते आणि वर दूध देते. मात्र या आंबवणीत हायड्रोजन सुटतो आणि कोठीपोटातले काही जीव त्याचा मिथेन करतात. हा वायू मागून नव्हे, तर जवळपास सगळा तोंडावाटे, ढेकरेतून आणि श्वासातून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा आहे, वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पट. मात्र तो हवेत बारा-एक वर्षंच टिकतो. आज कमी केला तर परिणाम आपल्याच हयातीत दिसतो.

भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालांत आपल्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून येतो. तीन चतुर्थांश वाटा ऊर्जेचा, म्हणजे कोळसा, डिझेल, पेट्रोल वगैरेंचा. तेव्हा घरात दोन एसी लावून म्हशीकडे बोट दाखवणाऱ्यांनी जरा थांबावं. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत मिथेन कमी करण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली, तिच्यावर भारताने सही केली नाही. आपल्या सरकारचं म्हणणं, हे गरिबाच्या पोटापाण्याचं उत्सर्जन आहे. मला ती भूमिका बरोबर वाटते. पण सही केली नाही म्हणून करण्यासारखं काही नाही, असं होत नाही. ढेकरेतून गेलेला मिथेन म्हणजे चाऱ्यातली वाया गेलेली ऊर्जा. खाल्लेल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग असा हवेत जातो. तो चारा शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेला असतो.

आता मुख्य हिशोब. कोणतंही जनावर खातं त्यातला पहिला वाटा जातो स्वतःचं शरीर चालवायला: श्वास, रक्ताभिसरण, चालणं, उभं राहणं. त्यावर उरेल त्याचं दूध. शरीराचा वाटा दूध दिलं तरी लागतो, नाही दिलं तरी लागतो. म्हणून एका लिटर दुधाचा भार मोजताना आजच्या दिवसाचा चारा मोजून भागत नाही, त्या जनावराचं जन्मापासूनचं सगळं आयुष्य त्या लिटरांवर वाटावं लागतं.

कागदावरच्या दोन गाई घ्या. दोघीही एका वेतात २,४०० लिटर दूध देतात, म्हणजे जात आणि कुवत सारखीच. पहिली ३० व्या महिन्यात प्रथम व्याली, पुढे दर १४ महिन्यांनी व्यायली. शंभर महिन्यांत तिची पाच वेतं झाली, दूध १२,००० लिटर. दुसरीला लहानपणी पोटभर मिळालं नाही, जंताचं औषध कोणी दिलं नाही, ती ४४ व्या महिन्यात प्रथम व्याली. नंतर माज ओळखता आला नाही, रेतन फुकट गेलं, दोन वेतांतलं अंतर १८ महिने झालं. ९८ महिन्यांत तिची तीनच वेतं झाली, दूध ७,२०० लिटर. पहिलीने आयुष्याच्या प्रत्येक महिन्यामागे १२० लिटर दिलं, दुसरीने ७३. भाकड काळात जनावर कमी खातं, ते वजा केलं तरी दुसरीच्या लिटरमागे चारा, पाणी, शेण आणि मिथेन बरंच जास्त पडतं. आणि गंमत अशी की रोज सकाळी डेअरीत दूध घालताना दोघी सारख्याच दिसतात! फरक दिसतो तो ज्या महिन्यांत दूधच नव्हतं त्या महिन्यांत, आणि त्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

नोंदीवरून मला मिलिटरी फार्म आठवतात. पुण्याकडच्या लोकांना पिंपरीचा मिलिटरी डेअरी फार्म नावाने तरी माहीत असेल. पहिला असा फार्म १८८९ साली अलाहाबादला निघाला. छावणीतल्या सैनिकांना शुद्ध दूध मिळावं हा हेतू. त्या काळी गावोगाव सहकारी संघ नव्हते. पुढे देशभर ३९ फार्म झाले, हजारो एकर जमीन, आणि अखेरीस २५ हजारांच्या आसपास जनावरं. याच कळपांवर कृषी संशोधन परिषदेबरोबर फ्रीजवाल ही जात तयार झाली: पाच अष्टमांश फ्रिजियन, तीन अष्टमांश साहिवाल. लक्ष्य असं ठरवलं होतं की ३०० दिवसांच्या एका वेतात ४,००० किलो दूध, चार टक्के फॅटचं. ३१ मार्च २०२१ ला हे फार्म रीतसर बंद झाले. ते बंद करायला हवे होते की नाही, यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांत अजून वाद होतात. सहकारी डेअऱ्यांचं चांगलं दूध दारात मिळत असताना फौजेने गाई सांभाळायची गरज नव्हती, हे मला पटतं. पण एवढ्या वर्षांच्या त्या कामातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक जनावराला नंबर होता, आणि त्या नंबरासमोर कधी जन्मली, कधी भरवली, कधी व्याली, किती दूध दिलं, कधी आटली हे लिहिलेलं असे. लिहिल्याशिवाय अशी जात तयार करताच येत नाही. आज गावातल्या जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बारा आकड्यांचा. नंबर देऊन झाला आहे, आता त्याच्यासमोर तारखा भरायच्या आहेत.

मग जनावराचं हे रिकामं आयुष्य कमी कसं करायचं? याची सुरुवात खाण्यापासून होते. आपल्याकडे बहुतेक गोठ्यांत जनावर उपाशी नसतं, पण त्याला जे मिळतं ते बेताल असतं. सरकी पेंड स्वस्त झाली की पेंडीचा मारा, हिरवा मका आला की नुसता मका, उन्हाळ्यात नुसता कडबा. खनिज मिश्रण तर पुष्कळ ठिकाणी औषध समजून आजारी पडल्यावर देतात. खनिजं कमी पडली की माज दिसत नाही, माज दिसला नाही की सहा महिने वाया. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०११-१२ पासून संतुलित आहाराचा कार्यक्रम चालवला. गावातलाच एक प्रशिक्षित माणूस किंवा बाई गोठ्यात येते, जनावराचं वजन फीतीने मापते, दूध आणि फॅट बघते, घरात काय चारा आहे ते विचारते, आणि संगणकावरून सांगते की हे एवढं द्या, हे कमी करा. नवीन काही विकत घ्यायला लावत नाही, आहे त्याचीच मांडणी बदलते. १८ राज्यांत २८ लाखांहून अधिक जनावरांपर्यंत हे काम पोहोचलं. खर्च कमी झाला, दूध थोडं वाढलं, आणि लिटरमागे मिथेन साधारण दहा ते पंधरा टक्के घटला. पर्यावरणासाठी म्हणून कोणी एक रुपया जास्त खर्च केला नाही. हवामानाच्या परिषदांत अशा कामाची चर्चा कमी होते, कारण त्यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं.

कारणही सांगतो. कोरडा, तंतुमय, हलका चारा आंबला की हायड्रोजन जास्त सुटतो आणि मिथेन जास्त होतो. हिरवा चारा आणि खुराक योग्य प्रमाणात असला की आंबवणीचा मार्ग बदलतो, तो हायड्रोजन जनावराच्याच कामी येतो. म्हणून काही धान्य भरभरून घालायचं नाही. त्याने कोठीपोटात आम्ल वाढून जनावर आजारी पडतं, शिवाय माणसाच्या ताटातलं धान्य म्हशीला घालणं हा आपल्या देशात गुन्हाच म्हटला पाहिजे. आपल्या दुधाची मोठी जमेची बाजू हीच आहे की ते कडबा, भुसा, पेंड, कोंडा यांवर निघतं. यांतलं काहीच माणूस खात नाही. परदेशात जंगल तोडून सोयाबीन लावून जो दुधामांसाचा धंदा चालतो, त्याचे आकडे उचलून आपल्या गावठी म्हशीला चिकटवणं बरोबर नाही.

कडब्याबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. सोलापूर, मंगळवेढा, मराठवाड्याचा काही भाग इथली रब्बी ज्वारी, आपली मालदांडी, ही काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते. पाटाचं पाणी नाही, बोअर नाही. वर कणीस माणसाला, खाली कडबा जनावराला. पाण्याच्या हिशोबाने यापेक्षा स्वस्त चारा मला तरी माहीत नाही. पण आपण ज्वारी सोडून ऊस आणि सोयाबीनकडे गेलो. सोयाबीनचा भुसा जनावर नाइलाजाने खातं. उसाचे वाढे खातं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीरातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून चुन्याच्या निवळीची फवारणी करावी लागते. इंदूर, बडोदा, हैदराबादला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी घरात पुन्हा भाकरी सुरू केली तर तेही दुधाच्या पर्यावरणाचंच काम होईल. हे मी थट्टेने म्हणत नाही. ज्वारीला गिऱ्हाईक असेल तरच कोणी ती पेरेल, आणि ती पेरली तरच कडबा मिळेल. झाशीच्या राष्ट्रीय चारा संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशात सुक्या चाऱ्याची तूट २३ टक्के आणि हिरव्याची ११ टक्के आहे. ही तूट कोणाच्या तरी गव्हाणीत रोज दिसते.

हिरव्या चाऱ्याचं उत्तर मुरघास हे आहे. मका चिकात असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून दाबून हवा काढायची, तोंड बंद करायचं, दीड महिन्याने उघडायचं. पावसाळ्यातला चारा मे महिन्यात मिळतो. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात माणदेशापासून बीडपर्यंत ज्यांनी चारा छावण्या पाहिल्या, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. छावणीत जनावर जगतं, पण ते मागे पडतं: गाभण जात नाही, दूध आटतं, आणि पुढचं वर्षभर ते फक्त शरीर चालवायला खातं. आपल्या त्या दुसऱ्या गाईसारखं.

पाण्याचं थोडक्यात. दुभती गाय दिवसाला साठ-ऐंशी लिटर पाणी पिते, गोठा धुवायला आणखी जातं. पण खरं पाणी जातं चारा पिकवायला, तेही ओलिताच्या चाऱ्याला. उत्तर गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा भागात दुधाने खेड्यांचा कायापालट केला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच भागात जमिनीखालचं पाणी भयंकर खोल गेलं, आणि त्यात पाटपाण्यावरच्या लसूणघासाचा वाटा आहे. दुधाच्या टँकरमधून आपण बाहेरगावी पाणीच पाठवत असतो. संगमनेर, राहुरी, फलटणकडे हेच होऊ घातलं आहे. ठिबकवर नेपिअर आणि लसूणघास, बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, इतकं तरी व्हायला हवं.

शेणाचा विषय मात्र आशेचा आहे. उकिरड्यात सुकत पडलेलं शेण फारसा मिथेन सोडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाण्याबरोबर वाहून डबक्यात साठलेलं शेण सोडतं. म्हणून गावातल्या दोन म्हशींपेक्षा शहराच्या कडेला शे-दोनशे म्हशींचे तबेले, जे शेण पाइपने नाल्यात सोडून देतात, ते अधिक घातक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक नियम काढले ते यासाठीच. नियम आहेत. अंमलबजावणी किती, ते अशा नाल्याजवळून जाताना नाकाला कळतं.

गोबरगॅस आपल्याला नवीन नाही. खादी ग्रामोद्योगाची तरंगत्या लोखंडी टाकीची यंत्रं माझ्या पिढीने गावोगाव पाहिली. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचा स्वयंपाक भागतो. पुष्कळ संयंत्रं नंतर बंद पडली. टाकी गंजली, दुरुस्तीला माणूस नाही, जनावरं कमी झाली, आणि सिलिंडर आला. पण माझ्या मते सर्वांत मोठं कारण म्हणजे गॅस मिळाला, तरी बाहेर पडणाऱ्या पातळ मळीचं काय करायचं हे कोणी सोडवलं नाही.

गुजरातेत आणंद जिल्ह्यात झकरियापुरा नावाचं गाव आहे. तिथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बायकांच्या दारात फुग्यासारखी लवचिक गोबरगॅस संयंत्रं बसवली आणि मळी विकत घेण्याची व्यवस्था लावली. बायकांची स्वतःची खत सहकारी मंडळी आहे. मळीपासून सेंद्रिय खत बनतं आणि विकलं जातं. चुलीचं लाकूड वाचतं, धूर वाचतो, आणि शेणाचे पैसे बाईच्या नावावर येतात. बनासकांठ्यात डीसाजवळ दामा गावी बनास डेअरीचा प्रकल्प मोठ्या प्रमाणावरचा आहे. रोज ४० टन शेण, शेतकऱ्याला किलोला एक रुपया, त्यातून वाहनांसाठी गॅस आणि खत. एका जनावराचं दहा-पंधरा किलो शेण धरा, म्हणजे भाकड जनावरही दिवसाला दहा-पंधरा रुपये कमावतं. हे लहान वाटेल, पण भाकड जनावराचा प्रश्न काय आहे ते बघितलं म्हणजे त्याचं मोल कळेल.

परदेशात उत्तर सोपं आहे: दूध कमी झालं की जनावर कत्तलखान्यात. आपल्याकडे गाईबाबत ते नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. कायदा चांगला की वाईट, हा आजचा विषय नाही. पण त्याचा अर्थ असा की जनावर एकदा गोठ्यात आलं की त्याचं पूर्ण आयुष्य कोणीतरी सांभाळणार आहे: शेतकरी, गोशाळा किंवा रस्ता. तेव्हा आपल्या हातात एकच मार्ग राहतो, निरुपयोगी जनावर जन्माला येऊ नये आणि असलेलं लवकर भाकड होऊ नये. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी दहातली नऊ वासरं मादी होतात. ट्रॅक्टरने बैलाचं काम घेतल्यावर गोऱ्ह्यांचं काय करायचं, या प्रश्नाचं हे निदान अर्धं उत्तर आहे. ही मात्रा अजून महाग आहे, आणि सरकारी मदत पैसे वाटण्यापेक्षा इथे द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणती जात चांगली, यावर घरोघरी भांडणं होतात. एक बाजू म्हणते देशीच, दुसरी म्हणते होल्स्टीनशिवाय धंदा नाही. माझा निकष साधा आहे: त्या जागेच्या उन्हात, त्या जागेच्या चाऱ्यावर, कोणतं जनावर आयुष्यभरात जास्त दूध देईल? विदर्भाच्या ४५ अंशांत पंखे आणि फवारे लावून होल्स्टीन जगवणं ही वीज आणि पाण्याची उधळपट्टी. पण डोंगराळ थंड जागी, पक्क्या चाऱ्याच्या हमीवर तीच गाय ठीक. सोलापूर-कोल्हापूरकडे पंढरपुरी म्हैस, सौराष्ट्रात गीर, थरच्या वाळवंटात थारपारकर, हरियाणात मुऱ्हा, या जाती तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केल्या आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी म्हणजे होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांचं मिश्रण. तोही एक समजूतदार मधला मार्ग.

मिथेन कमी करणारी पूरकं आता येत आहेत. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून हरित धारा हे पूरक काढलं, त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्थेचं म्हणणं आहे. समुद्री शेवाळावरही जगभर काम चालू आहे. चांगलं आहे, होऊ दे. पण ज्या जनावराला खनिज मिश्रण मिळत नाही, त्याला आधी ते द्या.

आता पैशाचं. डेअरीत दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ मोजतात आणि तेवढ्यावर दर ठरतो. जिने कालवड वेळेवर वाढवली, माज पाहायला पहाटे चारला उठली (म्हशीचा मुका माज रात्री किंवा पहाटेच कळतो), तिला त्या दरात एक पैसाही जास्त मिळत नाही. तिला फायदा होतो तो वर्षभराने, लवकर आलेल्या पुढच्या वेताचा, आणि तेवढं थांबण्याइतकी शिल्लक तिच्याकडे नसते. सहकारी संघ दिवाळीला दूध फरक वाटतात. त्यातला थोडा भाग दोन वेतांतल्या अंतरावर वाटला तर? १४ महिन्यांच्या आत पुन्हा व्यालेल्या प्रत्येक जनावरामागे ठरावीक रक्कम. कानातल्या बिल्ल्यावर नोंद आहेच. यात शहरातल्या ग्राहकाचा लिटरमागे किती वाटा असावा, यावर भांडायला मी तयार आहे, पण तो शून्य नसावा.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या गावाकडे अजून गोठा आहे, त्यांना एक सांगणं. पुढच्या वेळी गेलात की प्रत्येक जनावराच्या तीन तारखा विचारा: शेवटची कधी व्याली, शेवटचं रेतन कधी झालं, आणि गाभण तपासणी कधी केली. रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांत डॉक्टरांकडून तपासून घेतलं तर रिकामं जनावर वर्षभर गाभण समजून पोसलं जात नाही. वहीत लिहायचा कंटाळा असेल तर गव्हाणीच्या वरच्या भिंतीवर खडूने लिहिलं तरी चालतं.